जहाज पाहावे बांधून

'घर पाहावे बांधून' असे म्हणत आलेल्या समाजाला हाताने काही बांधण्याविषयी थोडा तरी आदर असेल, असा आमचा समज होता. गेल्या वर्षभरात तो पुरता फिटला. निमित्त तसे क्षुल्लक होते. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. एकाचे बिऱ्हाड पेणला, दुसऱ्याचे रोह्याला. आम्ही मिळून लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचा एक संच विकत घेतला आणि आठ महिन्यांचे शनिवार-रविवार खर्ची घालून ते जहाज बांधले. ही वार्ता व्यवसायबंधूंच्या कानी गेली तेव्हा एकाने विचारले, "प्रबंध वगैरे सगळे संपले वाटते?" दुसऱ्याने 'कार्यानुभवाचा तास' अशी कोटी केली. तिसऱ्या गृहस्थांनी मात्र सिद्धान्तच मांडला : संच जोडणे हे अनुकरण आहे, निर्मिती नव्हे, आणि साहित्याच्या माणसाने अनुकरणात वेळ दवडू नये. प्रस्तुत लेख हा त्या तिसऱ्या गृहस्थांना दिलेला जबाब आहे. पहिल्या दोघांची त्यात करमणूक झाली तर आमची हरकत नाही.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मराठीच्या अध्यापनाने नावेचे रूपक ठेवून घेतले आणि नाव पाण्यात सोडून दिली. भवसागर, नौका, पैलतीर, सुकाणू, शीड, नांगर ही सगळी सामग्री आपल्या व्याख्यानांत रोज ये-जा करते. पण यांतली एकही वस्तू कशाला जोडलेली असते आणि तुटली तर काय होते, हे आपल्याला ठाऊक नसते. ते ठाऊक नसल्याने आपले काही अडत नाही असे आपण मानतो. आमचा दावा असा, की अडते. वाचताना अडते, शिकवताना अडते, आणि सर्वांत जास्त अडते ते भाषेचे.

संच निवडताना आम्ही कोलंबसाच्या १४९२ च्या ताफ्यातले 'नीना' हे छोटे कारावेल घेतले. कारण उघड होते. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तले (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' आम्ही दोघांनी मिळून किती वर्षे शिकवले असेल याचा हिशेब नाही. मानवी जिद्द, अनंत ध्येयासक्ती, सागराला दिलेले आव्हान हे मुद्दे आम्हाला झोपेतही सांगता येतील. ज्या जहाजांच्या जोरावर हे आव्हान दिले गेले त्यांतले एक निदान डोळ्यांनी पाहावे, एवढीच माफक इच्छा होती.

पेटी उघडली तेव्हा जहाज कुठेच नव्हते. प्लायवुडचा एक कणा, त्याच्या फटींत बसवायच्या अकरा आडव्या पाट्या, पातळ पट्ट्यांच्या दोन जुड्या, काठ्या, सुताची रिळे, तीन-तीन भोके पाडलेल्या वाटाण्याएवढ्या लाकडी चकत्या आणि टेबलावर न मावणारा एक नकाशा. सोबतच्या पुस्तिकेचे इंग्रजी हे मुळात दुसऱ्याच कुठल्या तरी भाषेतून घाईने केलेले भाषांतर होते. पट्ट्यांच्या एका जुडीवर 'लाइम' असे लिहिले होते. आम्ही दोन दिवस ते लिंबाचे लाकूड समजून वागलो. तो युरोपातला लिंडेन वृक्ष. त्याचा आपल्या लिंबाशी काडीचा संबंध नाही. शब्दकोशाने फसवले आणि लाकडाच्या वासाने सावध केले, असा अनुभव भाषेच्या प्राध्यापकांना वरचेवर येत नाही.

काम असे वाटून घेतले, की सांगाडा आणि फळ्या पेणला, डोलकाठ्या आणि दोर रोह्याला. मधल्या काळात हे अर्धवट धूड जुन्या बुटांच्या खोक्यात बसून दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके करीत होते.

पहिली चूक आम्ही केली ती वाचनाची. पुस्तिकेत एक लहानशी ओळ होती : फळ्या लावण्यापूर्वी आडव्या पाट्यांच्या कडा तासून तिरक्या करून घ्याव्यात. एवढीच. ओळ लहान म्हणून काम लहान, असा अर्थ आम्ही लावला, दोन-चार वेळा पॉलिश कागद फिरवला आणि पट्ट्या चिकटवायला घेतल्या. जहाज नाळेकडे अरुंद होत जाते, म्हणून तिथे पट्टी पाटीवर सपाट टेकायची तर पाटीची कड त्याच उताराने तासलेली हवी. ती नसेल तर पट्टी फक्त धारेवर टेकते आणि डिंक सुकला की उचलली जाते. आमच्या सहा पट्ट्या उचलल्या गेल्या. दुसरी चूक त्याहून मोठी होती. आधी एक बाजू पूर्ण करावी, मग दुसरी, असे आम्ही ठरवले. पट्टी पाण्यात भिजवून वाकवून बसवली तरी ती सुकताना ओढ धरते. एकाच बाजूने नऊ पट्ट्यांची ओढ बसल्यावर कणा त्या बाजूला वळला. डावी-उजवी एकेक पट्टी आळीपाळीने लावायची असते, हे आम्हाला कणा वाकडा झाल्यावर कळले. सगळे सोडवून पुन्हा मांडण्यात दीड महिना गेला.

आता हे वाचून कुणी म्हणेल, यात साहित्य कुठे आले? आम्ही म्हणतो, आमच्या वर्गात रोज हेच चालते. कवितेतल्या ज्या ओळीत काम जास्त असते ती आपण लहान म्हणून ओलांडतो आणि आशयाच्या फळ्या थेट वर ठोकतो. प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शकांत तर एकच बाजू पूर्ण भरलेली असते. फरक एवढाच, की कवितेचा कणा वाकडा झालेला कुणाला दिसत नाही. परीक्षक स्वतःही त्याच बाजूला कललेला असतो. लाकूड दाक्षिण्य दाखवीत नाही.

यानंतर शब्दांची फटफजिती झाली. आठवड्याला एकदा फोनवर एकमेकांना काम समजावून सांगायचे, तर प्रत्येक भागाला नाव हवे. मराठीत एम.ए. झालेली आम्ही दोन माणसे 'तो खालचा मधला लांब भाग' आणि 'त्या बरगड्यांसारख्या' असे बोलत होतो. शेवटी मोल्सवर्थचा कोश काढला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. साहेबाने आणि त्याच्या पदरी असलेल्या पंडितांनी समुद्राचे शब्दही गोळा केले होते. जहाजाच्या तळाचा जो कणा, त्याला 'पठाण' म्हणतात. बरगड्यांना 'वांक'. पुढच्या निमुळत्या भागाला 'नाळ'. शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ते 'परभाण', आणि शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर तो 'दामण'. हे शब्द आम्ही तृतीय वर्षाच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि अर्थ विचारले. पठाण नावेत कशाला बसला आहे, असे एका विद्यार्थ्याने गंभीरपणे विचारले. वर्ग हसला. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमचे आजोबा म्हणतात तसे. पठाण घालायच्या दिवशी नारळ फोडतात." ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तीन वर्षे ती आमच्या वर्गात होती आणि तिला येणारे मराठी आम्हाला येत नाही, याचा पत्ता आम्हाला नव्हता. प्रमाणभाषेचे तिचे शुद्धलेखन मात्र आम्ही नियमाने तपासत होतो, आणि लाल शाईने.

तिच्याच ओळखीने आम्ही रेवदंड्याच्या खाडीकडे एका वृद्ध सुतारांना भेटायला गेलो. कुंडलिका रोह्याहून निघून तिथे समुद्राला मिळते. रोह्यात आयुष्य काढूनही नदीच्या दुसऱ्या टोकाला कामासाठी जाण्याची ही आमची पहिलीच वेळ. सांगाडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, पठाणावरून अंगठा फिरवला आणि आडव्या पाट्या मोजल्या. म्हणाले, "मास्तर, एवढ्या भिंती घातल्या, तर मासळी ठेवायची कुठं?" प्रश्न बिनतोड होता. खऱ्या नावेत अशा भिंती नसतात. वांक असतात आणि मधली जागा मोकळी असते. भिंती हा केवळ प्रतिकृतीचा संकेत आहे, फळ्यांना आधार म्हणून केलेली सोय. फळ्या लागल्या, की तो लपतो. वास्तववादी कादंबरीतल्या संकेतांवर आम्ही निबंध लिहिलेले आहेत. पण संकेत आणि वस्तू यांतला फरक इतक्या थोडक्या शब्दांत आम्हाला कधी सांगता आला नव्हता. स्वतः काकांकडे कागदावरचा नकाशा नव्हताच. दोरी, ओळंबा आणि डोळा. वर्षाकाठी पूर्वी किती नावा उतरत आणि आता फायबरच्या साच्यांनी ते काम कसे खाल्ले, ते त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले.

तिथून परतल्यावर 'कोलंबसाचे गर्वगीत' पुन्हा शिकवायची वेळ आली. या वेळी जहाज टेबलावर ठेवून शिकवले. पालोसहून ३ ऑगस्ट १४९२ ला निघालेल्या ताफ्यातल्या 'पिंटा'चे सुकाणू तीन दिवसांतच निखळले. कॅनरी बेटांवर थांबून ते दुरुस्त करावे लागले, आणि तिथेच ताफ्यातल्या एका कारावेलाची तिकोनी शिडे उतरवून चौकोनी चढवण्यात आली; कारण पाठीवरचा वारा घेऊन महासागर ओलांडायचा तर चौकोनी शीड बरे. आपल्या गलबतांचे तिकोनी शीडही त्याच जुन्या घराण्यातले. पुढे नाताळच्या रात्री 'सांता मारिया' फुटली तेव्हा तिच्या लाकडांचा किल्ला करण्यात आला. म्हणजे गर्वाच्या मागे सुतार होता, शीड शिवणारा होता, दोर वळणारा होता. यामुळे कविता लहान होते का? मुळीच नाही. डोलकाठी कशी तोलली जाते हे हाताला कळले, की वादळात ती धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा गर्व हा अलंकार उरत नाही. त्या गर्वाखाली दुसऱ्या माणसांची जी हिंसा सुरू होणार होती तिचाही प्रश्न त्याच तासाला प्रथमच विद्यार्थ्यांनी काढला. वस्तू पुढे ठेवली, की इतिहास आपोआप पुढे येतो. रूपक पुढे ठेवले, की तो मागे राहतो.

दुसरे उदाहरण घरचे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आपण प्राचीन गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातला झाडांविषयीचा उतारा तर पर्यावरण दिनाच्या भाषणांत हमखास येतो : आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. पण तो उतारा आरमाराच्या प्रकरणात आहे, हे किती जण सांगतात? तिथे प्रश्न निसर्गप्रेमाचा नाही. जहाजांना लाकूड कुठून आणायचे हा आहे. सागवान परवानगीने तोडावे, उणे पडेल ते परमुलखातून विकत आणावे, आणि आंबा-फणस आरमाराला उपयोगी असले तरी धन्याला राजी करून, मोल देऊन, जुने झालेलेच झाड घ्यावे. त्याच प्रकरणात वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवाढव्य जहाजे करू नयेत, गुराबा मध्यम असाव्यात, असेही सांगितले आहे. ज्याने लाकूड हातात घेतले आहे किंवा घेणाऱ्यांशी बोललेले आहे, अशा माणसाचे हे गद्य आहे. त्याची वाक्ये आटोपशीर का आहेत याचे उत्तर शैलीविज्ञानात शोधण्याआधी सुतारशाळेत शोधायला काय हरकत आहे?

आरमाराचा अभिमान आज कमी नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. पण अभिमानाची परीक्षा आम्ही बाजारात घेतली. नेल्सनचे जहाज, कोलंबसाची तिन्ही जहाजे यांचे संच घरपोच मिळतात. गुराब किंवा गलबताचा तसाच संच आम्ही पुष्कळ शोधला. आमच्या हाती लागला नाही. ज्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली सागवानात 'त्रिंकोमाली' बांधली, आणि जी आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, त्या मुंबईच्या शेजारच्या जिल्ह्यात ही स्थिती. आपल्याकडे घोषणा आहे, शिल्प आहे, चित्ररथ आहे. पठाण किती लांबीचा आणि वांक किती अंतरावर, हे मात्र सांगता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. तिसऱ्या गृहस्थांचा आक्षेप अनुकरणाचा. ते दरवर्षी पेणहून गणपतीची मूर्ती नेतात. ती मूर्ती साच्यातून निघालेली असते, हे त्यांना माहीत आहे. त्याच साच्यातून आणखी शेकडो मूर्ती निघालेल्या असतात. तरीही हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत ते तासभर उभे राहून एकच मूर्ती निवडतात, कारण डोळ्यांची आखणी ज्या हाताने झाली तो हात त्यांना ओळखू येतो. मग साचा दिला म्हणून कर्तृत्व संपत नाही, हे त्यांना लाकडाच्याच बाबतीत का पटू नये? ओवी हाही साचाच आहे. पोथीची नक्कल करणाऱ्याने अक्षर वळवता वळवता जे वाचले, ते छापील प्रत चाळणाऱ्याने वाचलेले नाही.

आणि अनुकरणातून ज्ञान होते की नाही, याचा ताजा दाखला 'कौंडिण्य' या जहाजाचा आहे. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रातल्या जहाजावरून, कोणताही जुना आराखडा हाती नसताना, हे जहाज बांधले गेले. गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्स या संस्थेने आणि बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. आधी मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. अजिंठ्याच्या चित्रांवर आजवर पुष्कळ रसग्रहण झाले आहे. पण ते चित्र 'हे तरंगेल का?' या प्रश्नाने वाचले गेले, ते प्रतिकृती करणाऱ्यांकडून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच एका विद्यार्थ्याने घेतला. खरे सुतार काम नाही म्हणून हात बांधून बसलेले असताना पगारदार माणसांनी परदेशी खेळणी जोडावीत, हा विलास नाही का? आहे. या आरोपाला आमच्याकडे संपूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगू, की खेळणे हाताशी नसते तर आम्ही त्या काकांच्या अंगणात कधीच गेलो नसतो, आणि गेलो असतो तरी काय विचारावे हे कळले नसते. पेटीतल्या चुकांनी आम्हाला प्रश्न दिले. पण प्रश्न घेऊन तिथेच थांबलो, तर मुलाचे म्हणणे खरे ठरेल.

तिसरा आक्षेप हा आक्षेप नव्हे, निर्णय होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले आहे. आम्ही असे सुचवले, की मराठीच्या काही विद्यार्थ्यांना नाव बांधणाऱ्या सुतारांकडे, मिठागरांवर, मूर्तींच्या कारखान्यांत पाठवावे; त्यांनी तिथले काम शिकावे आणि त्या कामाचा शब्दसंग्रह वस्तूंच्या रेखाटनांसह सिद्ध करावा. ज्या बैठकीत हे मांडले तिचे नाव घेण्याचे कारण नाही. उत्तर मिळाले, "हे मराठीचे काम नव्हे. मुद्रितशोधनाला पाठवा." मुद्रितशोधन हे मानाचेच काम आहे. पण जो शब्द छापायलाच कुणी आणला नाही, त्याचे शोधन कोण करणार? फायबरच्या नावेला पठाण घालावा लागत नाही. एका पिढीत वस्तू जाईल, तिच्यामागोमाग नाव जाईल, आणि मग आपण 'लुप्त होणारी बोली' या विषयावर दोन दिवसांचे राष्ट्रीय चर्चासत्र घेऊ.

आमचे जहाज पुरे झाले आहे. मागची डोलकाठी किंचित डावीकडे कललेली आहे. दोर रोह्याला ताणले गेले, तेव्हा पेणला कणा किती वळला होता याचा पुरावा म्हणून ती तशीच ठेवली आहे. पुढचे काम ठरले आहे. काकांच्या अंगणात उताणी पडलेली एक जुनी नाव आहे. पावसाळ्यापूर्वी तिची मापे घ्यायची, कागदावर उतरवायची आणि त्यावरून हातभर लांबीची प्रतिकृती करायची. त्या मुलीने आजोबांकडून शब्द लिहून आणायला सुरुवात केली आहे. पहिल्या वहीची चाळीस पाने झाली. त्यांतले निम्मे शब्द आम्हाला मोल्सवर्थमध्ये सापडत नाहीत. या कामाला श्रेयांक मिळणार नाहीत, हे तिला सांगितले आहे. वही मात्र आम्ही लाल शाईने तपासणार नाही.